लिम्फोमा आणि स्टेम सेल प्रत्यारोपण: पेशी कोणाच्या घ्यायच्या, हे पायरीपायरीने

कोरा ताव, पेन्सिल आणि खोडरबर. प्रत्यारोपणाबद्दल बोलायला पहिल्यांदा आलेल्या कुटुंबासमोर मी एवढंच मांडते. मधोमध रुग्णाचं नाव, वर आई-वडील, बाजूला भावंडं, खाली मुलं, कडेला काका, मामा, आत्या, मावशी. ताव अर्धा भरेपर्यंत कोणी तरी म्हणतंच, "मॅडम, माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, दादाचाही ओ पॉझिटिव्ह. मीच देतो." आणि इतका वेळ गप्प बसलेली बायको विचारते, "माझं नाव नाही लिहिलंत?"

दोघांचीही उत्तरं पुढे येतील. त्याआधीचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: दुसऱ्या कोणाच्या पेशी लागणार आहेत का?

पहिली पायरी: स्वतःच्या की दुसऱ्याच्या

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, आणि स्टेम सेल म्हणजे बोन मॅरोत, हाडांतल्या गरात, रक्त घडवणाऱ्या मूळपेशी. लिम्फोमात पहिल्यांदा सुचवलं जाणारं प्रत्यारोपण बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींचं असतं. कागदोपत्री ऑटोलोगस, वॉर्डात नुसतं 'ऑटो'. यात खरा उपचार पेशी करत नाहीत, तो जबर केमो करते. सगळ्यात जास्त वापरला जाणारा 'बीम' हा चार औषधांचा संच आहे: कारमस्टीन, इटोपोसाइड, सायटाराबिन आणि मेलफॅलान. या मात्रेने गाठी जळतात, पण बोन मॅरोही जळतो. म्हणून आधी पेशी काढून गोठवायच्या आणि केमो झाली की परत द्यायच्या. गावाकडच्यांना मी सांगते, तण इतकं माजलंय की अख्खं शेत भाजून काढायचंय, पण त्याआधी बियाणं कणगीत काढून ठेवायचं. गोठवलेल्या पेशी ज्या द्रावणात असतात त्याला विचित्र वास येतो, लसूण आणि उकडलेलं मक्याचं कणीस यांच्या मधला. पेशी दिल्यावर दिवस-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला आणि खोलीला तो वास राहतो. नातेवाईक घाबरतात. घाबरायचं काही नसतं.

दुसऱ्याच्या पेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे 'ॲलो', याचं गणित निराळं. इथे दात्याची रोगप्रतिकारशक्तीच रुग्णात रुजते आणि उरलेल्या लिम्फोमाला परकं ओळखून मारते. ताकद मोठी, किंमतही मोठी. त्याच पेशी रुग्णाच्या कातडीला, यकृताला, आतड्यालाही परकं समजू शकतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. चांगल्या केंद्रात ऑटोमध्ये उपचारामुळेच दगावण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीनच्या आसपास असतं. ॲलोमध्ये ते रुग्णाचं वय आणि तब्येत यांनुसार दहा ते वीसपर्यंत जातं. "दुसऱ्याच्या ताज्या पेशी स्वतःच्या आजारी पेशींपेक्षा बऱ्या नाहीत का?" असं विचारणाऱ्यांना मी आधी हे आकडे सांगते.

ऑटो कोणाला? हॉजकिन लिम्फोमा किंवा डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा पहिल्या उपचारानंतर उलटला आणि नव्या केमोला दबला, तर. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'पार्मा' चाचणीत उलटलेल्या, पण केमोला दाद देणाऱ्या जलद वाढीच्या लिम्फोमाचे रुग्ण होते. ऑटो झालेल्यांपैकी ४६ टक्के पाच वर्षांनी आजार न उलटता होते. नुसती केमो घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. 'दाद देणाऱ्या' हा शब्द यात कळीचा. म्हणूनच ऑटोच्या आधीचा पेट (PET) स्कॅन महत्त्वाचा. त्यात डोव्हिल स्कोर, म्हणजे आजार किती उरलाय याचा आकडा, १ ते ५ असा लिहिलेला असतो. १ ते ३ म्हणजे बहुधा रस्ता मोकळा, ४ किंवा ५ आला की डॉक्टर थांबून फेरविचार करतात.

ऑटोत एक अडचण पेशी जमण्याची असते. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे २० लाख सीडी३४ पेशी (ही खूण असलेल्या मूळपेशी) ही खालची मर्यादा, ४० ते ५० लाख मिळाल्या तर उत्तम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला किमान १२ कोटी. बरीच केमो किंवा कमरेला रेडिएशन झालेल्यांच्या पेशी रक्तात उतरायला कुरकुरतात. मग प्लेरिक्साफॉर नावाचं इंजेक्शन देऊन पुन्हा प्रयत्न करतात.

दाता शोधायची वेळ येते ती ऑटोनंतरही आजार उलटला तर, पेशी जमल्याच नाहीत किंवा मॅरोतच लिम्फोमा भरला असेल तर, आणि टी सेल लिम्फोमाच्या काही प्रकारांत.

आता या दोन रस्त्यांच्या मध्ये तिसराही आलाय, तो विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार-टी. यात रुग्णाच्याच टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) प्रयोगशाळेत बदलून परत देतात, दाता लागत नाही. मोठ्या बी सेल लिम्फोमात आजार वर्षाच्या आत उलटला असेल, तर ऑटोपेक्षा कार-टी सरस ठरू शकते, हे २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टीला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती बी पेशींवरच्या सीडी१९ खुणेवर चालते, त्यामुळे हॉजकिनवाल्यांनी तिच्यावर आशा लावून बसू नये.

दुसरी पायरी: तावावरची नावं आणि एचएलए

आता त्या ओ पॉझिटिव्हवाल्या भावाकडे. रक्तगट जुळण्याचा इथे जवळजवळ संबंध नाही. जुळवायचं असतं ते एचएलए, पेशींच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणा. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून बसलेली असतात आणि बहुधा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. आईकडे दोन गठ्ठे, वडिलांकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक मिळतो. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धं जुळण्याची ५०, काहीच न जुळण्याची २५. दोन भावंडं असतील तर निदान एक पूर्ण जुळण्याची शक्यता ४४ टक्के, तीन असतील तर ५८, चार असतील तर ६८. आजीच्या पिढीत सात-आठ भावंडं असायची, तेव्हा हे सोपं होतं. आता 'हम दो हमारे दो'मध्ये पदरात एकच भावंड.

आई-वडील आणि पोटची मुलं मात्र अर्धी जुळतातच. ते नशिबावर नसतं.

गंमत अशी की वेगळ्या रक्तगटाच्या दात्याकडून पेशी घेतल्या तर काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगटच बदलतो. गटाची अडचण पेशी देताना सांभाळता येते.

आणि बायको? ती रक्ताच्या नात्यातली नाही, म्हणून तिचं नाव तावावर नसतं. पण मी विचारते, "लग्न नात्यातलं आहे का?" आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत बऱ्याच घरांत आहे. तसं असेल तर बायकोचं नाव येतं, कारण मामेबहीण म्हणून ती अर्धी जुळू शकते. रुग्णाचे आई-वडीलच एकमेकांचे आते-मामे असतील तर आई, वडील, मुलं, अगदी काका-मामाही अर्ध्याहून जास्त जुळलेले निघू शकतात. ही माहिती लाजून लपवू नका, पहिल्याच दिवशी सांगा.

चाचणीला गालाच्या आतला फाया किंवा थोडं रक्त पुरतं. रिपोर्टला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. माझा आग्रह एकच: आजार उलटल्याचं कळलं की त्याच आठवड्यात चाचणी करा, ॲलो ठरण्याची वाट पाहू नका. लिम्फोमा केमोने दबतो तो काही आठवड्यांपुरता. पेट स्कॅन चांगला आला आणि डोनरच ठरलेला नाही, यात हातची वेळ गेलेली मी पाहिलीय.

तिसरी पायरी: रिपोर्ट वाचणं

रिपोर्टवर ८/८, १०/१० किंवा १२/१२ दिसेल. ए, बी, सी आणि डीआरबी१ या चार जागा, प्रत्येकीच्या दोन प्रती, म्हणजे आठ. डीक्यूबी१ धरली की दहा, डीपीबी१ धरली की बारा. तेव्हा एका लॅबचं ८/८ आणि दुसरीचं १०/१० यांत दुसरी 'जास्त चांगली' असं नसतं, तिने फक्त जास्त जागा तपासलेल्या असतात. ५/१० म्हणजे हाफ मॅच.

चाचणी हाय रिझोल्युशनचीच हवी. ढोबळ चाचणीत दोघांचंही 'ए ०२' दिसतं, बारकाईने पाहिलं तर एकाचं ०२:०१ आणि दुसऱ्याचं ०२:०६ निघतं. निवडलेल्या दात्याची चाचणी नव्या नमुन्यावर पुन्हा करतात. तो पैसे उकळण्याचा प्रकार नव्हे. नळ्यांची अदलाबदल माणसाकडूनच होते.

आणखी एक गोष्ट हळूच सांगायची. एचएलए चाचणीतून घरातली न बोललेली नाती उघडी पडू शकतात. दत्तक घेतल्याचं मुलाला माहीत नसतं, असंही निघतं. म्हणून रिपोर्ट सगळ्या गोतावळ्यासमोर मोठ्याने वाचायचा नाही आणि फॅमिली ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही.

चौथी पायरी: दात्यांचे प्रकार शेजारी ठेवून

पूर्ण जुळणारं सख्खं भावंड ही अजूनही पहिली पसंती. तो घरातला आहे, चाचण्या पटकन होतात, पेशी पुन्हा लागल्या तर दारातच आहे.

नात्याबाहेरचा पूर्ण जुळणारा दाता नोंदणीतून मिळतो. भारतात दात्री, डीकेएमएस आणि मॅरो डोनर रजिस्ट्री यांसारख्या संस्था ही नोंद ठेवतात आणि जगभरच्या नोंदण्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. शोध तुमचं प्रत्यारोपण केंद्र घेतं, नातेवाइकांनी फोन करून भागत नाही. अडचण अशी की एचएलए वंशाबरोबर चालतं. अमेरिकेतल्या नोंदणीवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला ८/८ दाता सापडण्याची शक्यता ७५ टक्के होती, दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णाला ३३ टक्के. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी रुग्णालाही हाच हिशेब लागू. त्याचा जोडीदार बहुधा भारतीय वंशाच्या नोंदींतच सापडणार. दाता सापडला तरी तो तयार असणं, त्याची तपासणी, पेशी विमानाने येणं यात दोन-तीन महिने सहज जातात आणि संकलनाचा खर्च वेगळा.

यावर व्हॉट्सॲपवर 'या गटाचा बोन मॅरो हवाय' असे निरोप फिरतात, सोसायटीत फाये घ्यायचं शिबिर भरतं. शिबिर जरूर भरवा, तरुण मुलांनी नाव नोंदवावंच. पण त्या शिबिरातून त्याच रुग्णाला दाता मिळण्याची शक्यता नगण्य असते. त्याच्या भरवशावर हाफ मॅचची तयारी थांबवू नका.

आता हाफ मॅच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे ऐकून डॉक्टरच नाक मुरडायचे, कारण अर्ध्या जुळणीत जीव्हीएचडी भयंकर व्हायचा. चित्र पालटलं ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुळलेल्या एका पद्धतीने. पेशी दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनंच, स्वस्त केमोचं औषध किलोमागे ५० मिलिग्रॅम द्यायचं. तोवर दात्याच्या ज्या टी पेशी रुग्णाच्या शरीरावर चवताळून वेगाने वाढू लागलेल्या असतात, त्याच या औषधाला बळी पडतात. मूळपेशींकडे हे औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं, त्या वाचतात.

लिम्फोमाबद्दलच २०१६ मध्ये ९८७ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली: १८० जणांना हाफ मॅचच्या पेशी या पद्धतीने, ८०७ जणांना पूर्ण जुळणाऱ्या भावंडाच्या. तीन वर्षांनी हयात असलेले ६१ टक्के आणि ६२ टक्के. पण रेंगाळणारा जीव्हीएचडी, ज्यात डोळे कोरडे पडतात, तोंड सोलवटतं, कातडी ताठरते, तो पहिल्या वर्षात हाफ मॅचमध्ये १२ टक्के आणि भावंडाच्या गटात ४५ टक्के. याचा बराचसा मान दात्यापेक्षा औषधाचा, म्हणून आता पूर्ण जुळणाऱ्या दात्यातही हेच औषध वापरू लागलेत.

हाफ मॅचमध्ये पेशी दिल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत कडकडून ताप येतो. बऱ्याचदा तो या पेशींच्या झटापटीचा असतो, तरी डॉक्टर जंतुसंसर्ग धरूनच उपचार करतात. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, वर यायलाही वेळ लागतो: ऑटोत साधारण १० ते १४ दिवस, हाफ मॅचमध्ये १६ ते २० च्या घरात. विषाणूंचे त्रास जास्त, आणि लघवीतून रक्त जाण्याचा त्रास काहींना हैराण करतो. तरीही माझं मत विचाराल तर, भारतातल्या लिम्फोमाच्या रुग्णाने भावंड जुळलं नाही म्हणून परदेशी दात्याची वाट पाहत महिने घालवण्यापेक्षा घरातल्या तरुण हाफ मॅचला लवकर तयार करावं. लिम्फोमात वेळ हाही दात्याचा एक गुण आहे.

नाळेतलं रक्त मोठ्या माणसासाठी आता क्वचितच वापरतात, कारण एका पिशवीत पेशी थोड्या आणि काउंट यायला तीन-चार आठवडे. बाळाच्या वेळी खासगी बँकेत नाळ ठेवलीय, तीच बाबाला चालेल का, असं लोक विचारतात. ती बाबाला अर्धीच जुळणार, आणि पेशी अपुऱ्या. जुळं भावंड असेल, तेही एकसारखं, तर जीव्हीएचडी होत नाही, पण लिम्फोमाला मारणारी झुंजही मिळत नाही. ते ऑटोच्याच जवळ जातं.

पाचवी पायरी: दोन-तीन दाते असतील तर

समजा रुग्ण ५८ वर्षांचा. बहीण ६२ वर्षांची, पूर्ण जुळते, पण मधुमेह आणि रक्तदाब. मुलगा २७ वर्षांचा, हाफ मॅच, धडधाकट. कागदावर बहीण सरस. पण दात्याचं वय वाढलं की निकाल उतरतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि बहिणीच्या तब्येतीला पेशी रक्तात उतरवणारी इंजेक्शनं झेपतील का हाही प्रश्न. कोणता घ्यायचा यावर डॉक्टरांत खरोखर मतभेद असतात. तेव्हा "कोण चांगलं?" असं न विचारता "बहीण घेतली तर काय भीती, मुलगा घेतला तर काय भीती?" असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

हाफ मॅचआधी एक चाचणी चुकवू नका: रुग्णाच्या रक्तात त्या ठरावीक दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का. गरोदरपणं झालेल्या बायकांत आणि खूप रक्त चढलेल्यांत त्या असतात. जास्त असतील तर पेशी रुजतच नाहीत. आईसाठी मुलगा दाता ठरवताना हे हमखास पाहावं लागतं, कारण त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी गरोदरपणातच तयार झालेल्या असू शकतात.

पुरुष रुग्णाला मुलं झालेल्या बाईच्या पेशी दिल्या तर रेंगाळणाऱ्या जीव्हीएचडीचा धोका थोडा वाढतो, म्हणून भाऊ-बहीण दोघंही जुळले तर सहसा भाऊ घेतात. सीएमव्ही विषाणूची चाचणी दोघांची करतात. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांत ती पॉझिटिव्हच येते, आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल तर दाताही पॉझिटिव्ह असलेला बरा.

सहावी पायरी: दात्याची बाजू

मूळपेशी मॅरोतून रक्तात उतराव्यात म्हणून पाच दिवस पोटावर किंवा दंडावर इंजेक्शनं, मग एका हातातून रक्त यंत्रात आणि दुसऱ्या हातातून परत, चार-पाच तास. कंबर आणि हाडं ठणकतात, डोकं धरतं, पॅरासिटामॉलने भागतं. यंत्रात वापरलेल्या औषधाने कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या आल्या की नर्सला लगेच सांगायचं. केंद्राने थेट मॅरो मागितला तर भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. मणक्यातून नाही. 'पाठीचा कणा टोचतात, माणूस लुळा पडतो' हे ऐकून पळालेले दाते मी पाहिलेत.

विवाहित बहीण दाता असेल तर तिच्या सासरच्यांना आधी बोलवा. "पुढे मूल होणार नाही," "अशक्त होईल" या शंका तिथूनच येतात आणि ऐनवेळी येतात. आणि दात्याशी डॉक्टरांनी एकट्याने बोलावं, असा आग्रह धरा. त्याला नाही म्हणायचं असेल तर केमो सुरू व्हायच्या आधी म्हणता आलं पाहिजे. रुग्णाला जबर केमो सुरू झाल्यावर दात्याने माघार घेतली तर रुग्णाचा मॅरो जळालेला आणि पेशी नाहीत, अशी वेळ येते.

दाता ठरेपर्यंत रुग्णाने पाळायचं

घरच्यांचं रक्त चढवून घेऊ नका. संभाव्य दात्याचं रक्त आधीच चढलं तर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. रक्तपेढीला रेडिएशन दिलेल्या पिशव्या मागायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. हॉजकिनवाल्यांना तर ते लागतंच. निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं मिळाली असतील तर शेवटच्या डोसची तारीख प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या, कारण या औषधांनंतरच्या ॲलोत जीव्हीएचडी जोरात येऊ शकतो. मूल हवं असलेल्या तरुणाने शुक्राणू गोठवून ठेवायचे ते केमोच्या आधी. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात दात्याच्या चाचण्या आणि पहिल्या शंभर दिवसांची औषधं धरली आहेत का ते पाहा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीचे अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून भरती होण्याआधीच करा.

पेशी दिल्या की दात्याचं काम संपलं असं समजून तो दुसऱ्या दिवशी दुबईला निघून जातो. त्याला थांबवा. पहिल्या दिवशी पेशी कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशीही यंत्राला बसावं लागतं. आणि काही महिन्यांनी आजार डोकं वर काढू लागला तर त्याच दात्याच्या लिम्फोसाइट पुन्हा लागू शकतात. त्यामुळे त्याचा नंबर बदलला की केंद्राच्या फाइलमध्येही बदलून घ्या.